चारशे चाळीस

चाळीस वर्षं भद्रावती पेठेतल्या कारखान्यांमधून
यांनी मागाच्या मोटारी दुरुस्त केल्या.
जळालं काय, वाइंडिंग की बेअरिंग,
हे नुसत्या वासावरून सांगायचे.
म्हणायचे, वीज आणि सासरा,
दोघांकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

त्यांच्या पोटात गाठ निघाली, बोरापेक्षा थोडी मोठी.
डॉक्टर हत्तुरे म्हणाल्या, यकृतात.
मी म्हटलं, म्हणजे कुठं?
हे म्हणाले, अगं, खाटीक काळीज म्हणून देतो ना, ते.

कापावी तर शेजारची नस जाते,
जाळावी तर पित्ताची नळी पोळते.
केसपेपरच्या मागं बाईंनी चित्र काढलं:
पोट उघडायचं नाही,
बरगड्यांखालून चार सुया, पडद्यावर बघत बघत,
आणि मग करंट.

तीन आठवडे मान खाली घालून बसलेला माणूस
खुर्चीत ताठ झाला.
"किती व्होल्ट?"
"तीन हजारांपर्यंत."
हे हसले. खोकला येईपर्यंत हसले.
"मॅडम, चारशे चाळीसनं आमचा राजमल्लू
खांबावरून खाली आला,
तो पुन्हा बोललाच नाही."

"किती वेळ, ते विचारा.
एका सेकंदाचे दहा हजार तुकडे करा,
त्यातला एक. मग थांबायचं. मग परत एक.
जाळायचं नाही काही.
पेशीच्या भिंतीला इतकी भोकं पडतात
की ती पुन्हा बुजत नाहीत.
नळीचा सांगाडा मात्र जागेवर राहतो."

"म्हणजे बाणा उसवायचा, ताणा तोडायचा नाही."
बाईंना ताणा माहीत नव्हता.
मग यांनी स्टेथोस्कोपची नळी टेबलावर आडवी धरून
त्यांना माग शिकवला. बाहेर अकरा नंबर ताटकळले होते.

"आणि दुसरं काळीज? धडधडणारं?"
"त्याच्याकडे बघूनच झटका सोडतो.
ठोका पडला की लगेच,
पुढचा पडायच्या आत."

हे गप्प झाले. जिन्यात मला म्हणाले,
धोट्याचंही तसंच असतं.
ताणा उघडला की तेवढ्यात पार व्हायला पाहिजे.
मध्येच मिटला तर दोनशे धागे तुटतात,
आणि जोडत बसायला अख्खी पाळी जाते.

संमतीच्या कागदावर त्यांनी तेलुगूत सही केली.
नर्सनं कागद उलटा धरून पाहिला.

त्या दिवशी मी बाकावर. मांडीवर सूप नाही,
पानं नाहीत, तंबाखू नाही,
तरी बोटं आपली विड्या वळत होती.
दोनशे झाल्या असतील, हवेच्या.
आणि साडेबाराला लाईट गेली.

पंखा थांबताना जो आवाज करतो तो
आधी कधी ऐकला नव्हता मी.
वॉचमन म्हणाला, मावशी, आतली जात नाही,
तिची सोय वेगळी आहे.
जनरेटर सुरू झाला.
पण मधल्या त्या वेळाचे
किती तुकडे होते, हे मला बाईंनी सांगितलं नव्हतं.
ते मी एकटीनं मोजले.
कडक भाकरी दातांनी मोडावी तसे, एकेक.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. पोटावर चार टिपके,
त्यावर चार पट्ट्या.
सून म्हणाली, एवढंच?
मुलगा म्हणाला, एवढ्याचे एवढे पैसे?
पाटल्या कुठं आहेत हे त्याला अजून माहीत नाही.

स्कॅन अठरा तारखेला आहे.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.
रात्री मी कान त्यांच्या छातीवर नाही, थोडा खाली ठेवते,
तिथं काहीच ऐकू येत नाही,
आणि तेवढ्यावर मला झोप लागते.

काल यलप्पा सायकलवरून मोटार घेऊन आला,
दारातच ठेवली, आत यायला बिचकला.
हे पलंगावरूनच नाक वर करून म्हणाले,
वाइंडिंग शाबूत आहे रे.
बेअरिंग बघ.